औट्रम घाट आणि अब्बांची चादर

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही नऊ जणांनी थाळनेर ते खुलताबाद अशी सायकलफेरी काढली. पहिल्या दिवशी थाळनेरहून धुळे, दुसऱ्या दिवशी धुळ्याहून चाळीसगाव आणि औट्रम घाट चढून खुलताबाद, तिसऱ्या दिवशी परत. पहिल्या आणि तिसऱ्या दिवसाबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. दुसऱ्या दिवसाबद्दल लिहायचे ठरवले होते, पण लिहायला बसले की काही ना काही आडवे यायचे. आज लिहितो.

आमचा गट तसा रविवारचा. पहाटे निघायचे, लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत किंवा सोनगीरपर्यंत जायचे, पोहे खायचे आणि उन्हाच्या आत घरी यायचे. गटात दोन शिक्षक, एक डॉक्टर, दवाखान्यात नर्स असलेल्या एक ताई, बँकेतून निवृत्त झालेले अप्पा, कॉलेजातली तीन पोरे आणि मी. पोरे मला चाचा म्हणतात. थाळनेर-खुलताबादचा बेत मीच मांडला, तेव्हा सगळ्यांनी एकच विचारले : "हीच दोन टोकं कशाला?"

थाळनेर म्हणजे शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव. आज तिथे पडका किल्ला आहे आणि फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. फिरोजशाह तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकी नावाच्या सरदाराला हा मुलूख जहागीर म्हणून दिला. दिल्लीचा हात ढिला पडल्यावर १३८२ मध्ये तो स्वतंत्र झाला, आणि पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत त्याच्या वंशाने दोनशे वर्षांहून अधिक काळ खानदेशावर राज्य केले. उत्तरेला माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला बहामनी, अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये चेपलेले हे लहानसे राज्य. कधी याच्याशी सोयरीक, कधी त्याच्याशी तह, असे करत ते टिकले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत. खानदेश हे नाव त्यांच्या 'खान' या किताबावरून आले असे अबुल फजल आणि फिरिश्त्याच्या काळापासून सांगितले जाते. कान्हदेशापासून आले म्हणणारेही आहेत. हा वाद मी इथे सोडवत नाही.

खुलताबाद म्हणजे या सुलतानांच्या पीरांचे गाव. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीला हलवली, त्या लोंढ्यात दिल्लीचे निजामुद्दीन औलियांचे मुरीदही दक्षिणेत आले. त्यांतले बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये वारले आणि दौलताबादजवळच्या या डोंगरमाथ्यावर त्यांना दफन केले. त्यांचे वारस जैनुद्दीन शिराजी. खानदेशातले बुऱ्हाणपूर हे शहर बुऱ्हाणुद्दीनांच्या नावाचे, आणि तापीपलीकडचे जैनाबाद जैनुद्दीनांच्या. मुमताज महल १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला वारली. ताजमहाल उभा राहण्याआधी तिला जिथे तात्पुरते ठेवले, ते हेच जैनाबाद.

म्हणजे थाळनेर ते खुलताबाद हा मुरीदाच्या घरून पीराच्या घरी जाण्याचा रस्ता. गटाला मी एवढेच सांगितले. दुसरे कारण सांगितले नाही.

दुसरे कारण अब्बांचे होते. धुळ्यात पाचकंदील भागात त्यांचे सायकलचे दुकान होते. तासावर भाड्याने सायकली, पंक्चर, आउट काढणे, छर्रे बदलणे. दुकानात सोल्युशन आणि ग्रीसचा वास असायचा, आणि नगरपालिकेच्या सायकलकराचे जुने पितळी बिल्ले एका डब्यात पडलेले असायचे. अर्ध्या गल्लीतली पोरे आमच्याच सायकलींवर कैची मारायला शिकली. १९६४ साली अब्बा, माझे मोठे चाचा आणि दुकानात येणारे दोन मोमीन विणकर असे चौघे खुलताबादच्या उरुसाला सायकलवर निघाले. तेव्हा हे अचाट नव्हते. एसटीचे तिकीट वाचायचे आणि सायकल तर घरचीच. अब्बांच्या हर्क्युलसच्या कॅरिअरला चादर बांधलेली होती. माझी दादी त्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठली होती, तिची मन्नत होती.

उरूस हिजरी कॅलेंडरचा, त्यामुळे तो दर वर्षी मागे सरकतो. त्या वर्षी तो ऐन पावसाळ्यात आला. चौघे चाळीसगाव ओलांडून घाटाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा पाऊस कोसळत होता. अर्ध्या घाटात दरड आली होती. चाचांच्या सायकलचे फ्रीव्हील निकामी झाले. पायडल मारले की नुसतेच फिरायचे. दुकान घरचे, पण सुटा भाग बरोबर नव्हता, याची अब्बांना पुढे आयुष्यभर लाज वाटली. रात्र त्यांनी पायथ्याच्या एका भिल्ल कुटुंबाच्या झोपडीत काढली. घरधन्याने ज्वारीची भाकरी आणि मिरची दिली, पैसे घेतले नाहीत. सकाळी रस्ता मोकळा होऊन पहिली एसटी आली, तेव्हा अब्बांनी चादर कंडक्टरच्या हाती दिली आणि सायकली उलट्या फिरवल्या. ती चादर पोचली की नाही हे कधीच कळले नाही. पुढे अब्बा बसने, रेल्वेने, माझ्या मोटारसायकलवर बसून कितीतरी वेळा खुलताबादला गेले. पण घाट लागला की गप्प व्हायचे.

तर आता तो दिवस.

पहाटे पाचला धुळ्याहून निघालो. डिसेंबरातली खानदेशची थंडी परक्याला पटत नाही. बोटे ब्रेकवर बधिर झाली होती. चाळीसगावपर्यंतचे पंचावन्न किलोमीटर जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना कापूस, बराचसा वेचून झालेला. मेहुणबाऱ्याच्या पुलावर थांबून गिरणा बघितली. पोरे तोपर्यंत गाणी म्हणत होती. चाळीसगावला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. शेवभाजी आणि भाकरी हा काही सकाळचा नाश्ता नव्हे, पण खानदेशात चालतो.

या गावाबद्दल दोन शब्द. फाळके दादासाहेबांसारखे नाव झाले नाही, पण केकी मूस नावाचा मोठा छायाचित्रकार इथे रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात आयुष्यभर जवळजवळ एकांतवासात राहिला आणि १९८९ मध्ये वारला. आणि इथून दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटण. तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. लेख संस्कृतात, शेवटच्या काही ओळी मात्र जुन्या मराठीत. मठासाठी बाजारातून कोणी काय द्यायचे, हा हिशेब लोकांना कळावा म्हणून लोकांच्या भाषेत. मला तो शिलालेख या शेवटच्या ओळींसाठी आवडतो.

नाश्ता करताना अप्पा माझ्याशेजारी बसले होते. हळूच म्हणाले, "एक सांगू का? राग मानू नका. खुलताबादचे फोटो ग्रुपवर टाकू नका. माझ्या घरचे, सोसायटीतले सगळे त्या ग्रुपवर आहेत."

मी "बरं" म्हणालो. भाकरी घशाखाली उतरेना. त्याच वर्षी जूनमध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून कोल्हापुरात दंगल झाली होती. खुलताबाद म्हटले की आता लोकांना एकच कबर आठवते. औरंगजेबाची. तिच्या आधी साडेतीनशे-पावणेचारशे वर्षे तिथे निजलेले लोक, ज्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून तो बादशाह तिथे आला, ते कोणाच्या गणतीत नाहीत. अप्पांचा राग आला, हे खरे. आणि निघण्याच्या आदल्या रात्री मीच माझ्या मुलीला सांगितले होते की बेटा, स्टेटसला काही ठेवू नकोस, हेही खरे. अप्पांनी फक्त तेच मोठ्याने म्हटले होते.

अकराच्या सुमाराला रांजणगाव मागे टाकून घाटाला लागलो. चाळीसगाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, घाटमाथा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. सातमाळ्याची ही भिंत खानदेशातून बघितली तर सरळ उभी दिसते. चढावर पहिली दोन वळणे सगळे एकत्र होतो, तिसऱ्या वळणानंतर जो तो आपापला. ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाट बंद झाला होता, हे आमचे नशीब. नाहीतर इथे ट्रकांची रांग तासन्‌तास अडकून पडायची आणि सायकलवाल्याला धूर खात कठड्याला खेटून चालावे लागायचे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात इथे ठिकठिकाणी दरडी कोसळल्या आणि खाली चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी घराघरांत शिरले. त्या जागी बांधलेल्या नव्या भिंती अजून कोऱ्या दिसत होत्या.

घाटाला नाव औट्रमचे. जेम्स औट्रम १८२५ मध्ये खानदेशात आला तेव्हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट होता. त्याआधीची पंचवीस वर्षे या मुलखाची वाताहत होती. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजांनी खानदेश उजाड केला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरवाटा राखणारे आणि त्याचा हक्क गावांकडून घेणारे भिल्ल नाईक त्या गोंधळात लूटमारीकडे वळले. पेशवाईचा त्यावरचा इलाज म्हणजे कत्तल. बाळाजी लक्ष्मण या सरसुभेदाराने बोलणी करायला म्हणून भिल्लांना कोपरगावला बोलावले आणि कापून काढले. १८१८ मध्ये मुलूख इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला ठाणे केले आणि आधी त्यांनीही पलटणी पाठवूनच बघितल्या. डोंगरात ताप आणि उपासमार सोडून पलटणींच्या हाती काही लागले नाही. मग धोरण बदलले. तीन भिल्ल एजन्सी काढल्या, त्यांतली दक्षिणेकडची या घाटाच्या वर कन्नडला. आणि औट्रमला सांगितले, याच लोकांची पलटण उभी कर.

त्याने धरणगावला ठाणे करून ती उभी केली. तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाई, त्यांच्यात राही, त्यांच्यावर विश्वास टाकी. इंग्रजी चरित्रांत या गोष्टी फार रंगवून सांगितल्या आहेत, आणि त्यांत तथ्य आहेही. त्याच चरित्रांत त्याच्या खानदेशातल्या दहा वर्षांत मारलेल्या वाघांची मोजदाद दोनशेच्या आसपास जाते. आज या जंगलाचे नाव गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. दोनशे वाघ संपवणाऱ्याच्या नावाने अभयारण्य, हा विनोद १९८६ मध्ये ते जाहीर करताना कोणाच्या लक्षात आला की नाही कोण जाणे.

पण औट्रमचे मला वेगळेच आठवते. हाच औट्रम पुढे लखनौला रेसिडेंट झाला. फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा कागद घेऊन वाजिद अली शाहसमोर गेला तो हाच. नवाबाने सही केली नाही, डोक्यावरचा मंदील उतरवून त्याच्या हातात ठेवला. सत्यजित राय यांचा १९७७ चा 'शतरंज के खिलाडी' पाहिला असेल तर रिचर्ड अ‍ॅटनबरोने केलेला जनरल म्हणजे आपला हा घाटवाला. खानदेशात त्याने माणसे जिंकायची विद्या शिकली, आणि तीच विद्या पुढे मुलूख गिळायला कामी आली. ज्यांना त्याने जिंकले असे म्हणतात, तेही कायमचे जिंकले गेले नव्हते. १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक उठला, सरकारी खजिना लुटला, आणि ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणीला भिल्लांनी इंग्रजांशी दिवसभर झुंज दिली. खाज्या नाईकाच्या नावाचा मोठा घाट मात्र नकाशावर नाही.

हे सगळे मी घाटात आठवत होतो असे म्हणालो तर ते खोटे होईल. घाटात मी श्वास मोजत होतो. सगळ्यात हलक्या गिअरवर असूनही मांड्या पेटल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या वळणावर कॉलेजच्या एका पोराच्या पायात गोळा आला, तो रस्त्याकडेला आडवाच झाला. ताईंनी त्याचा पाय दाबून सरळ केला, मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि अर्धा तास उठू दिले नाही. तेवढ्यात अप्पांच्या सायकलची चेन तुटली. टप्पा बघून गिअर बदलण्याऐवजी त्यांनी ऐन जोर लावताना बदलला होता. हे मी मोठ्याने बोललो नाही.

चेन मी जोडली. तुटलेली कडी काढून टाकायची, पिन अर्धीच मागे सारायची, पूर्ण बाहेर येऊ द्यायची नाही, पुढची कडी बसवून पिन परत दाबायची, मग कडी बोटांनी हलवून मोकळी करायची. अब्बा हे काम बोलता बोलता करायचे; मला पाऊण तास लागला, कारण हात थरथरत होते. या वेळी सुटे भाग बरोबर होते. घरून निघताना एक फ्रीव्हीलसुद्धा पिशवीत टाकले होते, जे आमच्या गिअरच्या सायकलींना बसतही नाही. जुन्या दुकानातले होते.

जळणाची मोळी घेऊन उतरणारा एक म्हातारा थांबून सगळा खेळ बघत होता. म्हणाला, "कोठे चालनात भो?" खुलताबाद म्हटल्यावर त्याने उन्हाकडे बघितले आणि म्हणाला, "मंग बठी काय ऱ्हायनात?" मग बसलात काय. आम्ही उठलो.

माथ्यावर पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. शेवटचे वळण मी पायी चढलो. अब्बांसाठी ते सायकलवरच चढायचे असे मनाशी ठरवले होते, पण जमले नाही. माथ्यावरून मागे खानदेश दिसतो, धुरकट, सपाट, संपत नाही असा. पोरांनी आरडाओरडा करून फोटो काढले. मी कठड्यावर बसून केळे खाल्ले.

दिवस इथे संपायला हवा होता. पण अजून चाळीसेक किलोमीटर बाकी होते. कन्नडला जेवणात तास गेला. पितळखोऱ्याची लेणी इथून जवळ. तिथला हिरण्यकार कन्हदासाने घडवलेला हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पोरांना तिकडे वाट वाकडी करायची होती, डॉक्टरांनी घड्याळ दाखवले. हतनूर, गल्ले बोरगाव अशी गावे मागे टाकत चाललो. वारा समोरून. इथे अप्पा बऱ्याच वेळाने माझ्या जोडीला आले आणि त्यांनी विचारले, "ते बुऱ्हाणपूरचं काय म्हणत होतात सकाळी?"

मी त्यांना फिरिश्त्याची गोष्ट सांगितली. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने असीरगड घेतला. मुबारकबाद द्यायला शेख जैनुद्दीन दौलताबादहून आले आणि तापीच्या अलीकडच्या काठावर थांबले. सुलतान पलीकडच्या काठावर. सुलतानाने गडावर चला म्हटले, शेख गेले नाहीत. जहागिरी देऊ केल्या, घेतल्या नाहीत. म्हणाले, तू थांबलास तिथे माझ्या गुरूच्या नावाचे शहर वसव, आणि मी थांबलो तिथे माझ्या नावाचे एक गाव पुरे.

"छान आहे," अप्पा म्हणाले.

"छान आहे, पण घडलेली नाही," मी म्हणालो. असीरगड घेतला गेला १४०० च्या आसपास. जैनुद्दीन वारले १३६९ मध्ये. तीस वर्षांपूर्वी गेलेला माणूस नदीकाठी कसा येईल? मलिक राजा जैनुद्दीनांचा मुरीद होता हे कालगणनेत बसते. ते नाते पुढे मुलाच्या पराक्रमाला जोडले गेले, इतकेच. फारुकींनी खुलताबादच्या दर्ग्याला गावे इनाम दिली, ती मात्र कागदावर आहेत.

अप्पा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही तुमच्याच पीराची गोष्ट खोटी पाडता?"

"गोष्ट कुठे पाडली? तारीख पाडली."

मग मी त्यांना बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतल्या शिलालेखाबद्दल सांगितले. १५९० च्या सुमाराचा, आदिलशाह फारुकीचा. अरबीबरोबर तिथे चक्क संस्कृत लेख कोरला आहे, सुलतानांच्या वंशावळीसकट आणि हिंदू पंचांगातल्या तिथीसकट. अप्पांनी "मशिदीत?" असे दोनदा विचारले.

वेरूळला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वेरूळ ते खुलताबाद अंतर चार-पाच किलोमीटरच, पण पुन्हा चढ, आणि तो दिवसातला सगळ्यात वाईट. माझ्या मागच्या चाकातली हवा हळूहळू जात होती. दर किलोमीटरला उतरून पंप मारायचा आणि पुढे जायचे. ट्यूब बदलायचे त्राण नव्हते. पोरे पुढे जाऊन मोबाइलचे दिवे दाखवत उभी राहिली. गावात शिरलो तेव्हा इशाची नमाज होऊन गेली होती.

खुलताबादला रस्त्याच्या एका अंगाला जैनुद्दीनांचा दर्गा, ज्याच्या आवारात औरंगजेबाची उघडी कबर आहे, आणि दुसऱ्या अंगाला बुऱ्हाणुद्दीनांचा. पहिल्याच्या दाराशी पोलीस बसलेले. आम्ही दुसऱ्या बाजूला थांबलो. दार बंद व्हायच्या बेतात होते. ताई, डॉक्टर, एक शिक्षक आणि दोन पोरे माझ्याबरोबर आत यायला निघाली. अप्पा म्हणाले, "तुम्ही जा. नऊ सायकली आहेत, कोणीतरी थांबायला हवं."

मी आग्रह केला नाही. पिशवीच्या तळाशी चादर होती, हिरवी, धुळ्याच्याच बाजारातून घेतलेली. आत ती चढवली, फातिहा म्हटला. दादीला जाऊन चाळीस वर्षे झाली, अब्बांना अकरा. मुजावरांनी विचारले, कोणाच्या नावाने? मी दोघांची नावे सांगितली, मग तिसरे नाव म्हणून चाचांचे.

बाहेर आलो तर अप्पा रस्त्याच्या दिव्याखाली उकिडवे बसले होते. माझे मागचे चाक त्यांनी खोलले होते, ट्यूब बाहेर काढून चहाच्या टपरीवरच्या बादलीत बुडवून बुडबुडे शोधत होते. टपरीवाला त्यांना टॉर्च दाखवत होता. मला बघून म्हणाले, "काटा सापडला. बाभळीचा आहे. सोल्युशन कुठल्या पिशवीत आहे?"

फोटो मी टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घाट उतरताना पुढच्या ब्रेकचे रबर पार झिजले, आणि चाळीसगावला नवे मिळेपर्यंत मी पाय घासतच उतरलो.